आशीच्या खेळातलं भांडण

श्वासाची नळी काढली आणि आशी गेली. डॉक्टरांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्या मुलानं, दत्तानं, भिंतीकडं तोंड केलं. मी उशाशी उभी होते. रडले नाही. तिचा फोन माझ्या हातात होता, शुद्धीत असताना तिनंच दिलेला. तिनं केलेला उसाचा खेळ त्यात उघडा होता आणि सऱ्यांमधून पाणी वाहतच होतं. बारामतीच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत तेवढंच काय ते चालू राहिलं होतं...

आशी म्हणजे अश्विनी, माझी नात, दत्ताची लेक. मेंदूत गाठ झाली होती. शेळगावात आमच्या घरी बसायला आलेल्या बायका म्हणाल्या, सारखं मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची, दुसरं काय व्हणार. मी म्हटलं, गाठ कशानं झाली ते डॉक्टरला सांगता आलं न्हाय, तुमाला बरं कळलं. चहा प्या आणि गप बसा. लग्न केलं नाही, नोकरी धरली नाही, खेळ करत बसली, हेही त्याच बायकांचं बोलणं. आता ती उलट बोलायला नाही, म्हणून मी लिहिते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं पुरतं.

पिठाच्या गिरणीवर एक खोली घेऊन ती बारामतीत राहायची आणि मोबाइलवरचे खेळ करायची. मला तिनं समजावलं होतं की खेळ दोन जातींचे. एकात नुसतं बोट लावत राहायचं, आकडा वाढतो, आणि फोन बंद करून झोपलात तरी वाढतच राहतो. दुसऱ्यात तुम्ही कुणीतरी माणूस होता, काय बोलायचं ते निवडता, आणि समोरची माणसं ते लक्षात ठेवतात. आशीला दोन्हींचा एकच खेळ करायचा होता. तिनं ऊस घेतला. बोट लावलं की एक खोरं माती निघते, सरी तयार होते, मग पाण्याचं दार उघडायचं, पाणी आपलं आपण चालतं, ऊस वाढतो. करून झाल्यावर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, खेळून बघ.

मी खेळले. रविवारी ती एसटीनं आली तर माझा ऊस बोटभर. तिला वाटलं खेळच बिघडला. सगळं उलटंपालटं करून तपासलं, मग मला विचारलं, "आजे, फोन ठेवताना तू काय करतीस?"

"काय करणार? दारं बंद करून ठेवते."

तिच्या पुण्याच्या मित्रांनी हा खेळ खेळून बघितला होता, हे कुणी केलं नव्हतं. पण माझा जन्म उसाला पाणी देण्यात गेला. एक सरी भरली की तिचं मातीचं दार बांधायचं, पुढचं फोडायचं, आणि जाताना सगळं बंद करून जायचं. चालू पाणी सोडून कोण घरी जातं? फुटलं तर शेजारच्या नामदेव तात्याच्या वावरात जाईल, मग त्याच्या शिव्या कोण खाणार?

"अगं, आपण नसताना वाढतं हीच गंमत हाय," ती म्हणाली.

"मग तुझी गंमत खोटी हाय."

जेवणापर्यंत आमचं वाजलं. ती म्हणाली, दिवसभर राबून आलेल्या माणसाला आपल्यावाचून काहीतरी वाढलेलं बघायचं असतं, त्यात खोटं काय?

पुढच्या खेपेला आली तेव्हा खेळात तात्या आला होता. पाणी खुशाल चालू ठेवा, ऊस वाढेल. पण फार दिवस फिरकला नाहीत तर बांध फुटतो, पाणी शेजाऱ्याच्या वावरात जातं, आणि फोन उघडला की बांधावर तात्या उभा. त्याला उत्तर द्यायचं. चूक कबूल करा, खोटं बोला, नाहीतर भांडा. खोटं बोललात तर तो पुढं तुमच्या वावराकडं बघत नाही. कबूल केलंत तर कधीतरी तुम्ही नसताना तुमचं दार तोच बांधून जातो. मग तुमच्या माघारी वाढणारा ऊस असा माणसांवर अवलंबून. खऱ्या नामदेव तात्याला दाखवला तर तो म्हणाला, "माझा आवाज एवढा बारीक हाय व्हय?" आशीनं त्याचा आवाज भरून घेतला. दोन गल्ल्यांना ऐकू गेला असंल.

त्यानंतर लवकरच गाठ निघाली... दवाखान्यात एकदा दत्तासमोर तिनं मला सांगितलं, "आजे, खेळाचं काय ते तू ठरव. पण तात्याला काढला तर ते माझं काम न्हाय."

मागच्या आठवड्यात तिच्याबरोबर काम करणारा रोहन पुण्याहून आला. पोरगा सरळ आहे. म्हणाला, "आजी, खेळून बघणारे लोक तात्यापाशी आले की खेळ सोडून देतात. त्यांना नुसतं बोट लावायचं असतं. भांडण काढून टाकू, मग खूप लोक खेळतील. अश्विनीचं नाव राहीलच."

"नाव ठेवायचं आणि काम काढायचं?" मी विचारलं. "त्यापेक्षा तुमी दुसरा खेळ करा. ह्याला हात लावायचा न्हाय."

दत्ता मधे पडला. "आई, आपल्या आशीचा खेळ लांबवर जाईल."

"तिचा न्हाय जाणार. तात्या काढल्यावर उरंल तो कुणाचाबी असंल."

रोहन म्हणाला, असाच ठेवला तर थोडेच लोक खेळतील. मी म्हटलं, थोड्यांनी खेळावा. तिसऱ्या दिवशी दत्तानं स्वतःच्या फोनवर खेळ घेतला आणि तात्याशी कसं बोलायचं ते मला विचारायला आला. मी सांगितलं नाही. ज्याचं त्यानं बोलावं.

तिचा फोन आता कोनाड्यात असतो. भाकरी झाली की मी तो उघडते. हल्ली दारं बंद करत नाही, पाणी चालू ठेवते. मधे बरेच दिवस उघडायचा राहिला, तर काल बांध फुटला होता. तात्या उभाच होता. "म्हातारे, तुझं पाणी माझ्या वावरात आलं." खाली तीन उत्तरं, तिनं लिहिलेली. मी पहिलं दाबलं. "व्हय, आलं."

आधी मी जायला हवं होतं. आशी गेली. मी आहे.