पिस्तुलाची झिलई

माझा धाकटा भाऊ या पावसाळ्यात गेला. आमच्यात दहन करत नाहीत, पुरतात; त्याला समाधी दिल्यावर मी काही दिवस लातूरच्या घरी राहिले आणि नांदेडला परत आले. इथे कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारी फारसं कोणी येत नाही, तेव्हा थोडं थोडं लिहिते. कधी चार ओळी होतात, कधी त्याही होत नाहीत. त्याच्याबद्दल लिहायचं तर वडिलांच्या पिस्तुलाबद्दल लिहावं लागतं. त्याला माझा इलाज नाही.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. ते आहेत, ऐंशीच्या घरात. लातूरला त्यांची तुरीची आणि सोयाबीनची आडत. उदगीरकडून रोकड घेऊन यावं लागतं, असं कारण दाखवून त्यांनी शस्त्राचा परवाना मिळवला होता. खरं कारण असं की समोरच्या आडत्याच्या कमरेला पिस्तूल आलं होतं, आणि लग्नात पंगतीला बसताना तो सदरा मुद्दाम वर सरकवायचा.

नवं पिस्तूल मिळायला फार दिवस लागणार होते. दसरा तोंडावर आला होता. अप्पांना खंडेनवमीच्या पूजेत शस्त्र मांडायचं होतं, आणि बाजारातली माणसं बोलावून ते दाखवायचं होतं. म्हणून त्यांनी वापरलेलं घ्यायचं ठरवलं. नांदेडच्या एका परवानाधारक दुकानात ते जमलं. विकणारे गृहस्थ जनावरांचे निवृत्त डॉक्टर होते, नांदेडच्या जुन्या मुसलमान घराण्यातले. साखरेच्या आजारानं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. दुकान माझ्या कॉलेजपासून जवळ, त्यामुळे मलाही बोलावलं होतं. भाऊ अप्पांची पिशवी धरून उभा होता.

डॉक्टरांनी मलमलच्या फडक्यातून पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या पोलादावरचा निळा रंग बऱ्याच ठिकाणी उडाला होता. जिथे त्यांचा तळवा बसायचा तिथे ते पांढरं पडलं होतं.

अप्पांनी ते उलटंपालटं केलं. "डॉक्टर, हे पिस्तूल हाय का तुमच्या म्हातारीचा पानडबा?"

डॉक्टर हसले. "रोज पुसतो साहेब. दिसत नाही, पण हाताला समजतं."

"दिसत न्हाई म्हणूनच घासून पांढरं केलंत. नेम तरी लागतो का? त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर धरून दाखवा."

पिस्तूल रिकामं होतं. डॉक्टरांनी ते उचललं आणि हात ताठ केला. कॅलेंडर होतं उजवीकडे, त्यांचा हात गेला दाराकडे. अप्पा खो खो हसले. "हाव, लागला नेम. गिऱ्हाईक मेलं." दुकानदारही हसला, कारण पैसे अप्पा देणार होते. डॉक्टरांना काय चुकलं ते कळत नव्हतं. ते तसेच उभे राहिले. मग भावानं पुढे होऊन त्यांच्या कोपराला हात लावला आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, ठेवा आता खाली. झालं."

बाहेर आल्यावर अप्पा त्याला म्हणाले, "लई कळवळा आला तुला. जा, त्याच्याच घरी ऱ्हा. मटण चारील."

नवा रंग चढवायला पिस्तूल कारखान्यात पाठवावं लागेल, आणि ते दसऱ्यानंतरच परत मिळेल, असं दुकानदारानं सांगितलं होतं. अप्पा म्हणाले होते, "माझ्या घरी कारागीर हाय, फुकटचा." दुकानदारानं मग रंगाची बाटली काढून दिली.

फुकटचा कारागीर म्हणजे माझा भाऊ. त्याचा हात चांगला होता. जुनी सायकल, रेडिओचं लाकडी खोकं, असं काही तो घासूनपुसून नव्यासारखं करायचा. पण त्याला मास्तर व्हायचं होतं. डी. एड. झालं होतं, जिल्हा परिषदेच्या भरतीच्या यादीत नाव लागलं होतं, चाकूरकडची एक शाळाही मिळणार असं कळलं होतं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला जायचा होता; तो गेला की ऑर्डर निघणार होती. तो दुकानातल्या पोत्यांवर बसून पहिलीच्या मुलांना बेरीज कशी शिकवायची याचा विचार करायचा. मला फोनवर सांगायचा, "अक्का, चिंचोके वापरणार बघ." लहानपणापासून अप्पांच्या तोंडून त्यानं स्वतःबद्दल बरा शब्द ऐकला नव्हता. या नोकरीनं तो त्या घरातून सुटणार होता.

दसऱ्यासाठी मी लातूरला गेले तेव्हा तो गच्चीवरच्या खोलीत पिस्तूल सुटं करून बसला होता. आधी त्यानं तेल काढलं, मग पॉलिश पेपरनं जुना रंग घासला, जाडसर पेपरकडून बारीककडे येत. मग बाटलीतलं औषध कापसानं फिरवलं. पांढरं पोलाद बघता बघता पिकल्या जांभळासारखं झालं. मला ते फार सुंदर वाटलं. त्याची चमक दबलेली होती, डोळ्यांवर येत नव्हती.

अप्पांनी नखानं टिचकी मारली. "हे तर तव्याचं बूड हाय. ह्यात माझं तोंड दिसलं पाहिजे."

"पिस्तूल असंच असतं अप्पा. चमकणारं चांगलं दिसत न्हाई."

"मी इचारलं का तुला चांगलं काय ते? बायकांची बोटं असल्यावर घासणार कसं म्हणा."

त्यानं रंग उतरवून पुन्हा घासलं. अप्पा संध्याकाळी वर आले, त्यात त्यांना स्वतःचा चेहरा धुरकट दिसला, त्यांनी ते त्याच्या मांडीवर टाकलं. तेव्हा भाऊ म्हणाला, "अप्पा, आणखी घासलं तर ह्यावर कोरलेला नंबर जाईल. शेवटचे आकडे आत्ताच पुसट झालेत."

"नंबर परवान्यावर लिव्हलाय."

"त्याच्याशी हा जुळवून बघतेत."

"मास्तर व्हायच्या आधीच शिकवायलास का? घास म्हणलं की घासायचं."

मी मध्ये पडले. म्हटलं, अप्पा, निदान दुकानदाराला फोन करून विचारू. अप्पा म्हणाले, "तू पाहुणी हायस. पुरणपोळी खा अन् नांदेडला जा."

भावानं पेपर उचलला. रात्री जेवणाआधी तो पिस्तूल घेऊन खाली आला. ते आरशासारखं झालं होतं आणि त्यावर काळानिळा रंग चढला होता. अप्पांनी ते दिव्याखाली धरलं, त्यात बघून मिशीवरून बोट फिरवलं, आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "जमलं बघ तुला." भाऊ लाजून हसला. जेवताना त्यानं एक पोळी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पाटावर पिस्तूल मांडलं, त्याला विभूती लावली, बेल वाहिला. बाजारातले लोक आले, प्रत्येकानं त्यात आपलं तोंड बघून घेतलं. समोरचा आडत्या म्हणाला, "आमच्यापेक्षा भारी दिसायलंय." अप्पांना तेवढंच हवं होतं.

पुढे निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. अप्पांनी पिस्तूल नेलं. नंबर बघणाऱ्या हवालदाराला शेवटचे आकडे दिसेनात. त्यानं भिंग आणलं, मग साहेबाला आणलं. नंबर घालवलेलं शस्त्र म्हणजे गुन्हा. अप्पांनी घरी फोन करून भावाला बोलावून घेतलं. मलाही फोनवर म्हणाले, "तू शिकलेली हायस, साहेबाशी चांगल्या भाषेत बोल." मी मिळेल त्या गाडीनं लातूरला आले.

साहेब वाईट नव्हता. त्यानं सरळ विचारलं, "हे कुणी केलं?"

अप्पा म्हणाले, "पोरानं. मला इचारलं बी न्हाई, साहेब. मी म्हातारा माणूस. मला वाटलं पुसून ठेवलंय."

मी म्हणाले, "साहेब, यांनीच सांगितलं. मुलगा नको म्हणत होता. मी तिथे होते."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "नवऱ्याला सोडून आलीय ती. डोकं ठिकाणावर नसतं तिचं. मनावर घेऊ नका."

साहेब भावाकडे वळला. "तुझी पडताळणी आमच्याकडेच आली आहे. शिक्षक होणार ना तू? नीट आठवून सांग. जबाबात जे येईल ते राहील."

भाऊ उभाच होता. अप्पा खुर्चीवर बसून धोतराचा सोगा नीट करत होते. भाऊ म्हणाला, "मीच घासलं साहेब. अप्पांना माहीत नव्हतं. अक्का तेव्हा खाली स्वयंपाकात होती."

ठाण्याच्या बाहेर मी त्याला धरलं. "मला खोटं पाडलंस. कशाला?"

"अप्पांना आत बसवलं असतं गं. त्यांना बी.पी. हाय." मग म्हणाला, "चुकून झालं म्हणलं तर सोडतेत. मी काय चोर हाय?"

त्याला ते खरंच वाटत होतं. अप्पा मागून आले आणि म्हणाले, "रिक्षा बघ. उन्हात उभं करतोस का मला?"

अप्पांच्या वकिलानं सगळं भावाच्या अंगावर बसेल असं बघितलं. पडताळणीच्या कागदावर गुन्हा दाखल असल्याचं लिहून गेलं आणि यादीतल्या पुढच्या माणसाला ती शाळा मिळाली. प्रयोगशाळेत पिस्तुलावरचा नंबर परत दिसला, परवान्याशी जुळलाही. कोर्टानं भावाला सोडलं. तोवर भरतीचं वय निघून गेलं होतं. अप्पांना पिस्तूल परत मिळालं.

भाऊ आडतीच्या काट्यावर उभा राहिला, तो शेवटपर्यंत. मास्तर हे नाव त्याला अप्पांनीच पाडलं. "मास्तर, पोतं धरा." "मास्तर, इकडं शाळा भरलीय, झाडू मारा." हमाल हसायचे, मग गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली. तो ओ द्यायचा. मुलीचं स्थळ घेऊन आलेले लोक पिस्तुलाच्या केसबद्दल ऐकून चहा पिऊन उठायचे. अप्पा त्यांच्यादेखत सांगायचे, "बरं झालं, एका लेकीचं वाटोळं टळलं."

मी त्याला नांदेडला बोलावलं होतं. तो म्हणायचा, अप्पांचं कोण करील? आमची आई आधीच गेली होती.

यंदा त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे झाले तरी तो काट्यावर होता. त्यानं फोनवर हसत सांगितलं, "अप्पा म्हणाले, डोळे पिवळे झाले म्हणून तुरी दिसत न्हाईत का." मी निघेपर्यंत त्याला दवाखान्यात टाकलं होतं, आणि मी पोचले तेव्हा तो बोलत नव्हता.

समाधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात फ्लेक्स लागला. भावाचा भरतीच्या अर्जावरचा तरुणपणीचा फोटो, त्याच्या नावापुढे 'गुरुजी', आणि खाली 'आदर्श शिक्षक'.

मी अप्पांना विचारलं, हे काय?

"मग काय लिहू? हमाल? पुढारी यायलेत भेटायला. त्यांच्यासमोर कुणाचा बाप म्हणून बसू मी?"

"तुम्हीच त्याची नोकरी घालवलीत."

"त्यानं सोताच्या तोंडानं जबाब दिला. मी काय त्याचा हात धरला होता?"

मी आतून ब्लेड आणलं आणि दोन्ही ठिकाणचे शब्द कापून काढले. अप्पा खुर्चीवरून बघत राहिले. अडवलं नाही त्यांनी. दुपारभर त्या भोकांमधून मागची भिंत दिसत होती. येणारे लोक तिकडे बघायचे आणि नजर खाली घालायचे.

दुसऱ्या सकाळी त्याच जागी नवा फ्लेक्स होता. अक्षरं मोठी केली होती.

तालुक्याचे एक पुढारी आले. हात जोडून फोटोसमोर उभे राहिले. म्हणाले, "अशी माणसं आता राहिली नाहीत. शाळा कुठली होती गुरुजींची?"

"खेड्यातलीच," अप्पा म्हणाले. "साधा माणूस. बदली म्हणून कधी मागितली न्हाई त्यानं."

पुढाऱ्यांनी मान हलवली आणि आतून चहा मागवला गेला.