कुंडलिकची अर्धी मिनिटं

कुंडलिक भावजींना कोपरीत कोणी साउंडवाला म्हणत नसे. सगळे ‘गप्पवाला’ म्हणायचे. लग्न असो की साखरपुडा, कॅमेरा सुरू व्हायच्या आधी हे गृहस्थ हॉलच्या मधोमध उभे राहून दोन्ही हात वर करायचे आणि सांगायचे, “अर्धा मिनिट गप्प.” पंखे चालू राहू देत, जनरेटर चालू राहू दे, फक्त माणसांनी आवाज करायचा नाही. भर मांडवात सगळ्यांना गप्प उभं करणारा माणूस म्हटल्यावर म्हाताऱ्या बायका चिडणारच. कळव्याच्या एका हळदीत एका आजीने त्यांना सुनावलं, “मेल्या, कोणाला श्रद्धांजली वाहतोस रे?” भावजी हसले, पण अर्धं मिनिट होईपर्यंत हात काही खाली आणले नाहीत.

मलाही त्यांनी सोडलं नव्हतं. लग्न होऊन मी अठ्ठ्याऐंशी साली डोंबिवलीहून कोपरीत आले, तेव्हा पूजेच्या शूटिंगला मी पाटावर बसलेली आणि हे समोर. सगळे गप्प झाले, तरी यांचं समाधान होईना. मग हळूच म्हणाले, “वहिनी, बांगड्या.” माझ्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. मी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले आणि मनात म्हटलं, हा कोण टिकोजीराव?

हा टिकोजीराव म्हणजे माझ्या नवऱ्याचा, काळुरामचा, पहिलीपासूनचा दोस्त. आम्ही कोळी, ते बौद्ध. घरं दोन गल्ल्या सोडून. दोघांनी शहाऐंशी साली भाड्याचा कॅमेरा घेऊन धंदा सुरू केला. माझा नवरा बोलघेवडा, गिऱ्हाईक त्याच्याभोवती जमायचं. भावजी ऐकणारे. बोलणाऱ्याचं नाव पाटीवर गेलं, ‘काळुराम व्हिडिओ’, आणि ऐकणारा आतल्या खोलीत हेडफोन लावून बसला. त्याचं भावजींना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. मला मात्र वाटायचं. पण माझ्या वाटण्याला किती अर्थ होता, ते पुढे येईलच.

त्या अर्ध्या मिनिटांचं काय करतात, हे मी एकदा विचारलं. तोवर मी स्टुडिओत टायटलं करायला बसू लागले होते. भावजी म्हणाले, “वहिनी, लग्नात कुणीतरी शिवी देतो, कुणी खोकतो. ते आपण कापतो. पण कापलं की आवाजात भोक पडतं. ते कशानं बुजवणार? त्याच हॉलच्या शांततेनं. प्रत्येक हॉलची शांतता वेगळी असते.” मला वाटलं, चढली याला. मग त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावले आणि दोन कॅसेटी ऐकवल्या. एकीत बारीक गुणगुण, दुसरीत घरघर आणि लांबवर भोंगा. खरंच वेगळ्या होत्या.

मूळ टेप पुढच्या लग्नाला लागायची, म्हणून अर्धं मिनिट तेवढं ते साध्या ऑडिओ कॅसेटवर उतरवून ठेवायचे. एका हॉलची एक कॅसेट. वर निळ्या शाईत, शाळेतल्या मुलीसारख्या गोल अक्षरात लिहायचे: ‘शहाड, कारखान्याचा भोंगा.’ ‘कल्याण, गच्ची, वारा.’ ‘डोंबिवली, समाज हॉल, दोन पंखे.’ बारा वर्षांत बिस्किटांचं मोठं खोकं भरलं. माझा नवरा त्याला ‘कुंडलिकची इस्टेट’ म्हणायचा आणि आम्ही सगळे हसायचो.

त्या खोक्यात एक कॅसेट होती: ‘१४ एप्रिल ९१, कोपरी, जनरेटर.’

ते जयंतीचं शंभरावं वर्ष. वस्तीत दिवसभर कार्यक्रम. भावजींची आई, रमाबाई, पाळणा म्हणायला उभ्या राहिल्या. तो पाळणा त्यांनी स्वतः रचलेला. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे तो कागदावर कुठेच नाही. पाच कडवी, सगळी तोंडपाठ. भावजींनी शूटिंग केलं, पण स्टेजच्या मागेच जनरेटर. कॅसेट लावली तर आई दिसायची, ओठ हलायचे, मागच्या बायकांच्या टाळ्या दिसायच्या, आणि ऐकू यायचा तो जनरेटर. तीन कडवी कशीबशी कळायची. चौथं-पाचवं बिलकूल नाही. भावजी म्हणाले, पुन्हा म्हणायला लावू, घरात बसवून. त्याच डिसेंबरात रमाबाई गेल्या. मागे टाळ्या वाजवणाऱ्या बायकांना विचारून झालं. त्यांना धृपद येत होतं, कडवी आईच सांगायची.

अठ्ठ्याण्णव साली आमच्याकडे कॉम्प्युटर आला. माझ्या नवऱ्याला त्यात फक्त फुलं उडवायची होती, नवरा-नवरीच्या डोक्यावर. भावजींना त्यात आवाजाचं सॉफ्टवेअर सापडलं. एका दुपारी मला हाक मारली, “वहिनी, इकडे या लवकर.” शहाडच्या एका लग्नाची क्लिप होती. भटजींच्या आवाजावर ती घरघर. भावजींनी खोक्यातली शहाडची कॅसेट लावली आणि अर्ध्या मिनिटाची घरघर कॉम्प्युटरला नुसती ऐकवली. म्हणाले, “याला आधी सांगायचं, बाबा, हा गोंगाट ओळखून ठेव. मग हा आख्ख्या क्लिपमधून तेवढा वजा करतो.” बटण दाबलं. घरघर गेली. भटजी समोर बसून बोलतायत असं वाटलं.

“बोलण्यात फट असली तर नमुना तिथूनच मिळतो,” ते म्हणाले. “पण आईच्या क्लिपमध्ये फटच नाय. कडवं संपायच्या आत बायकांच्या टाळ्या. नुसता जनरेटर फक्त या कॅसेटवर आहे.” आणि त्यांनी ती एक्क्याण्णवची कॅसेट वर काढून पुन्हा जागेवर ठेवली. घाई केली नाही. आधी हात बसू दे, म्हणाले, आईच्या आवाजावर शिकायचं नाही. त्यांना मुलगी झाली होती. जानेवारीत नामकरण होतं. त्या दिवशी पाळणा आजीने म्हणायचा, पाचही कडव्यांसकट, असं त्यांनी बायकोला कबूल केलं होतं.

आणि त्याच महिन्यात त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, “काळ्या, नामकरण झालं की मी कल्याणला जातो. मेव्हण्याचा गाळा आहे. फक्त आवाजाचं काम करीन. तुझंही करून देईन, कधी नाय म्हणणार नाय.”

“जा की,” माझा नवरा म्हणाला. “खूश रहा, रे.” मिठीबिठी मारली. मला वाटलं, बरं झालं, भांडण नाही झालं. घरी आला आणि ताट ढकलून म्हणाला, “बारा वर्षं मी याला पोसला. दगाबाज साला.” कोणी कोणाला पोसलं, हे मला ठाऊक होतं. मी ते ढकललेलं ताट उचलून ठेवलं. खरं सांगायचं तर मलाही ते जाणं लागलं होतं. भावजी गेले तर स्टुडिओ बसणार, हे मला दिसत होतं, आणि आम्हाला न विचारता त्यांनी परस्पर ठरवलं याचा रागही होता.

दुसऱ्या दिवशी भावजी कल्याणला गाळा बघायला गेले. माझ्या नवऱ्याने ते खोकं माझ्या टेबलावर आणून आदळलं. लग्नसराई होती. आम्ही त्या साली व्हिडिओबरोबर मंगलाष्टकांची एक ऑडिओ कॅसेट भेट देत होतो. “यांच्यावर उतरव मंगलाष्टकं,” तो म्हणाला. “वर आपलं स्टिकर लाव.”

“अहो, या भावजींच्या आहेत.”

“रिकाम्या तर हायत. लावून बघ. काय ऐकू येतंय का?”

मी एक लावली. हूं असा आवाज. तेवढंच.

“बघ,” तो म्हणाला. “हवा घेऊन चाललाय तो. आपल्या गिऱ्हाइकांच्या हॉलची हवा.”

त्याला माहीत होतं त्यात काय आहे. मलाही. कोणी म्हणेल, बाईला काय कळतंय कॅसेटमधलं. मला सगळं कळत होतं. मी डबल डेकवर एकेक लावत गेले. बटण मी दाबत होते. एक्क्याण्णवची हातात आली तेव्हा थांबले आणि विचारलं, “ही तरी ठेवू?” त्याने पेपरातून मान वर न करता सांगितलं, “सगळ्या म्हणजे सगळ्या.” मी ती ड्रॉवरमध्ये सरकवू शकले असते. त्याने मागाहून मोजल्याही नसत्या. नाही सरकवली. जाणाऱ्याची ठेव आपण का सांभाळायची, असं माझ्या मनात आलं, आणि ते येऊन जाईपर्यंत मंगलाष्टकं सुरू झाली होती.

नामकरण रविवारी. भावजी बुधवारी आईची व्हिडिओ कॅसेट पिशवीत घालून आले, कपाट उघडलं. “वहिनी, खोकं कुठंय?”

माझा नवरा बाहेर गिऱ्हाइकाशी हसत होता. मी म्हटलं, “अगं बाई! साफसफाईत भंगारात गेलं की काय?” इतकं सहज निघालं माझ्या तोंडून, की माझं मलाच नवल वाटलं.

त्यांनी विश्वास ठेवला. शंका घेतली असती, ओरडले असते, तर माझी सुटका झाली असती. “तुमची काय चूक वहिनी, मीच घरी न्यायला हवं होतं,” असं म्हणाले आणि भंगारवाल्यांकडे गेले. दोन दिवस कोपरीतली, स्टेशनपलीकडची सगळी भंगाराची दुकानं त्यांनी पालथी घातली. शुक्रवारी दुपारी आले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे. मी चहा दिला. कप धरायच्या आधी त्यांनी हात लुंगीवर पुसावेत तसे पँटवर पुसले. मला तो चहा अजून आठवतो.

शनिवारी दुसऱ्या एका जनरेटरचा नमुना घेऊन त्यांनी करून पाहिलं. सॉफ्टवेअरने चुकीचा गोंगाट वजा केला आणि त्याबरोबर आईचा आवाजही खरवडून नेला. विहिरीच्या पाण्याखालून कोणी बोलावं तसं काहीतरी उरलं. त्यांनी ते पुसून टाकलं.

रविवारी आम्ही दोघं गेलो. मी बाळाला झबलं नेलं. पाळण्याजवळ टीव्ही ठेवला होता. वंदना झाली, मग रमाबाई पडद्यावर आल्या, पांढरी साडी, कपाळावर घाम, आणि मागे जनरेटर. बायका कान देऊन पुढे सरकल्या. चौथ्या कडव्याला भावजींच्या बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते, ओठ आईच्या ओठांबरोबर हलवून बघत होते. माझ्या नवऱ्याने खीर मागून घेतली. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा किळस आली, आणि माझ्या ताटातलीही खीर मी संपवली.

पुढच्या आठवड्यात भावजी शहाडला एका घरी लग्नाच्या कॅसेटची दुसरी प्रत पोचवायला गेले. तिथे टीव्हीच्या डोक्यावर आमची आधी भेट दिलेली ऑडिओ कॅसेट होती. आमचं स्टिकर स्वस्तातलं. कोपरा सुटला होता. खाली निळी शाई. त्यांनी नखाने ओढलं. ‘डोंबिवली, समाज हॉल, दोन पंखे.’

ते मंगळवारी दुपारी स्टुडिओत आले. मी टायटल करत होते, नवरा खुर्चीत. त्यांनी ती सोललेली कॅसेट टेबलावर ठेवली. स्टिकर लावायचं काम माझं, हे त्यांना माहीत होतं. माझ्याकडे पाहिलं. मग पंखा बंद केला, कॉम्प्युटर बंद केला. पिशवीतून छोटा टेपरेकॉर्डर काढून टेबलाच्या मधोमध ठेवला.

“काळ्या, आईची कॅसेट कुणी पुसली?” ते म्हणाले. “मी अर्धा मिनिट देतो. सांगायचं असेल त्यानं सांगावं.”

आणि बटण दाबून त्यांनी दोन्ही हात वर केले, अगदी मांडवात करायचे तसे.

माझा नवरा, ज्याचं तोंड आयुष्यात कधी मिटलं नाही, तो खिडकीकडे बघत बसला. मी बोलणार होते. शपथेवर सांगते, शब्द ओठांवर आले होते. नवऱ्याने नुसती मान वळवून माझ्याकडे बघितलं. खाली कुठे कुकरची शिट्टी झाली. भावजींनी हात खाली आणले, खटका वाजला. अर्धं मिनिट संपलं होतं.

भावजींनी कॅसेट काढली, खिशातलं निळं पेन काढलं, त्याच गोल अक्षरात लिहिलं: ‘कोपरी, स्टुडिओ. काळू आणि वहिनी.’ ती माझ्यापुढे ठेवली. “ही तुमच्याकडे राहू दे. हिच्यावर मंगलाष्टकं नका घालू.” आणि गेले. कल्याणला त्यांचं नाव झालंय म्हणतात. आमच्या दारावरून कधी गेले नाहीत.

कॅसेट माझ्या साड्यांखाली आहे. नवरा घरात नसला की मी लावते. पंखा नाही, कॉम्प्युटर नाही, खालून कुकरची एक शिट्टी. आणि शेवटी शेवटी बांगड्या वाजतात. तेव्हा मी हात उचलून तोंडावर धरला होता.