वर्षाने बदललेला शब्द

फोन आला तेव्हा मी पवनीच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे पातळ उलगडून बसलो होतो. "वर्षा गेली," एवढंच बायको म्हणाली. वर्षा तिची धाकटी बहीण, माझी मेव्हणी. ताप डोक्यात गेला आणि नागपूरच्या दवाखान्यात बघता बघता सगळं संपलं... मी शटर ओढत होतो, तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराने विचारलं, "कुत्रा चावला होता ना जी तिले?" डॉक्टरांनी डासांचा ताप सांगितला होता, पण गावाने आपला निकाल आधीच लावून टाकला होता. त्या माणसाचा मला अजून राग येतो.

वर्षा कुत्र्यांचं मन दुरुस्त करायची. पुण्याला जाऊन रीतसर शिकून आली होती. फटाक्यांनंतर पलंगाखालून न निघणारी, स्वतःचेच पाय चावून सोलणारी, माणूस दिसला की अंगावर जाणारी कुत्री घेऊन लोक भंडाऱ्याहून, कारध्याहून यायचे. आधी नजर उतरवून, गळ्यात काळा दोरा बांधून, मग तिच्याकडे. मी चिडवायचो, "कुत्र्यालेबी मन रायते का वं?" ती म्हणायची, "रायते ना, भाऊजी. तुमच्यापेक्षा मोठं रायते." आणि कामाला लागायची.

काल्या मात्र सुधारण्यातला नाही, असं सगळ्यांचं मत होतं. तो राईस मिलवर साखळीला वाढलेला, मार खाल्लेला. कोणी "हाड" म्हणालं की चावायलाच धावे. मालकाने त्याला विष घालायचं ठरवलं, तेव्हा वर्षा त्याला आपल्या घरी घेऊन आली. अंगणात ती त्याच्याकडे पाठ करून बसायची, त्याच्याकडे बघतसुद्धा नसे. मग अगदी हळू म्हणायची, "हाड," आणि मागे न वळता पोळीचा तुकडा टाकायची. पुन्हा "हाड", पुन्हा तुकडा. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. "हाड म्हणून कोणी जेवू घालते का? हे काय करून राहिली तू?" मी विचारलं. ती हसली नाही. "गावाचं तोंड मले बंद करता येते का, भाऊजी? जिथं जाईन तिथं ह्याले हाडच आयकू येईन. मंग ह्याच्या मनातच त्या शब्दाचा अर्थ बदलवतो मी." उन्हाळा सरता सरता काल्या "हाड" ऐकून शेपूट हलवत तिच्या मांडीशी येऊन बसू लागला. त्या दिवशी ती रडली. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

दहाव्याला आम्ही वैनगंगेच्या घाटावर होतो. पिंड मांडले, कावळा काही शिवेना. सगळे मान वर करून थांबलेले... आणि पायऱ्या उतरत काल्या आला. त्याला घरात कोंडून ठेवलं होतं, कसा सुटला कोण जाणे. "थोच! थोच चावला तिले!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळा घाट "हाड! हाड!" करू लागला. काल्याने कान टवकारले. शेपूट हलवत, अंग वाकवत तो सरळ त्या माणसांत शिरला. पहिला दगड पायावर बसला. तो थबकला. मग पुन्हा कोणी "हाड" म्हणालं, तसा लंगडत पुढेच आला... मी मध्ये पडलो, म्हणून वाचला.

आता तो माझ्याकडे असतो, दुकानाच्या पायरीवर. पाय वाकडाच राहिला. त्याने पुन्हा माणसाला भ्यायला शिकावं, म्हणजे निदान जगेल तरी, असं मला वाटतं. पण ते शिकवायचं कसं, हे जिला ठाऊक होतं तीच नाही. पोळीच्या तुकड्यांची तिची कापडी पिशवी मी गल्ल्यामागे खिळ्याला लावून ठेवली आहे. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर कोणीतरी कुठल्यातरी कुत्र्याला "हाड" म्हणतं. काल्या झोपेतून उठतो, शेपूट हलवतो, आणि गर्दीत वर्षाला शोधू लागतो.