मुखरूभाऊच्या धुऱ्यावरचं गवत

माही जाऊ दामिनी पावसात पाखरांचे फोटो काढते. भुरभुर पावसात नाई, ढोरं झाडाखाली उभी राह्यते अशा पावसात. लोकं हासते, हासू दे. मले सांगाचं हाये थे तिच्या भावाबद्दल, अन थे मी रागातच सांगीन, आधीच सांगून ठेवते.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात धानाचा रोवणा सुरू झाला का आम्ही बाया दिवसभर वाकून असतो. पाठीवर पळसाच्या पानाचं इरलं, डोक्यापासून कमरेपर्यंत. दामिनीनं एक गोष्ट हेरली, का पाखरू उभ्या माणसाले भेते, वाकलेल्या बाईले भेत नाई. मंग ती रोवता रोवताच सरकत सरकत जवळ जाते. हातात पऱ्ह्याची, म्हणजे धानाच्या रोपायची पेंडी, इरल्याखाली गळ्यात कॅमेरा, त्याच्यावर खताच्या पोत्यातलं प्लास्टिक. फोटो काढला का पुन्हा रोवणं सुरू. तिची ओळ कधी मागं पडली नाई, म्हणून मीबी कधी बोलली नाई, अन टोळीत बोलणारी तर मीच.

कॅमेरा तिले तिच्या भावानंच देल्ला. प्रवीण त्याचं नाव. सिंदेवाहीत फोटोचा स्टुडिओ हाये त्याचा, लग्नाबिग्नाचे फोटो काढते. कॅमेरा धराचा कसा, पावसात काच पुसाची कशी, सारं त्यानं शिकवलं. लय जीव तिचा त्याच्यावर.

यंदा गावातल्या मुखरूभाऊच्या धानाच्या बांधीत, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या कोपऱ्यात, दाट गवतामधी रंगीत पाणलाव्याचं घरटं सापडलं. ह्या पाखरात मादी अंडी देऊन निघून जाते अन नर उबवत बसते. त्याच्यावरून बायायनं आपापल्या नवऱ्यायले काय काय ऐकवलं थे इथी सांगत नाई. पाऊस जोराचा आला का तो नर अंड्यावर पंख पसरून बसून राहे. अंगावरून पाणी वाहे, तरी हाले नाई. दामिनीले तोच फोटो पाह्यजे होता. पण मधात गवत. गवत दूर केलं का कावळ्यायले घरटं दिसते, म्हणून तिनं काडीले हात लावला नाई. पिल्लं निघाली का बापाच्या मागं मागं बाहेर येतीन, तवा काढीन, म्हणे. रोज दुरून पाहून ये अन मले सांगे, बसला हाये बाई. एवढ्याशा गोष्टीनं तिचं तोंड फुलून जाये.

मुखरूभाऊ भला माणूस. चिखलणीचा ट्रॅक्टर त्या कोपऱ्यात जाऊ नये म्हणून त्यानं तिथी पळसाची हिरवी डांग, पानासकट फांदी, रोवली. आमच्याकडे शेतात अशी डांग दिसली का माणूस समजून घेते, इथी पाय ठेवाचा नाई. लहान लेकरूबी समजते.

एका दिवशी आम्ही दुसऱ्याच्या बांधीत रोवून राह्यलो होतो, अन इकडे मुखरूभाऊच्या बांधीवर प्रवीण आला. डांग पाहून त्यानं इचारलं, मुखरूभाऊनं कौतुकानं सांगून टाकलं अन तो ढोरायकडे निघून गेला. आता तुम्हीच सांगा, ज्याचा बाप जन्मभर धान पिकवत राह्यला त्याले डांग समजत नसन? समजत होती ना. तरी त्यानं धुऱ्यावरचा इळा उचलला अन समोरचं गवत सपासप कापलं. वरून पाऊस धो धो. फोटो काढला, खुशीत घरी गेला, अन कॅमेऱ्यावरचा फोटो मोबाइलनं काढून बहिणीले धाडला. खाली लिहिलं, घे, तुहा पाणलावा.

दामिनीनं मोबाइल पाह्यला अन पह्यलं थेच बोलली, "बाई, गवत कुठी गेलं?"

आम्ही धावत गेलो. कोपरा भादरल्यावानी उघडा. चिखलात टरफलं, धुऱ्यावर कावळे. अन तो नर त्याच जागेभोवती फिरून राह्यला होता. दामिनी रडली नाई. मी रडली. मले रडू आलं का मी शिव्या देते, त्या साऱ्या देल्ल्या. त्या दिवसापासून तिनं भावाचा फोन उचलला नाई.

रोवण्याच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे रीत हाये. धुऱ्यावरून जो जाईन त्याले बाया घेरते, चिखल लावते, अन मागतलं थे घेतल्याशिवाय सोडत नाई. सरपंच असो का जावई. नेमका त्या दिवशी प्रवीण आला, बहीण बोलत काऊन नाई थे पाहाले. पाऊस होताच. मी बायायले हाक मारली. कानात, केसात, गच्च लावला त्याले चिखल. रीतीत एवढा रगडून लावत नाई, पण मी लावला. तो आपला हासून राह्यला होता, एका हातानं कॅमेऱ्याची पिशवी वर धरून, दुसरा हात पैशासाठी खिशात.

दामिनी पुढं आली. "पैसे नको, दादा. तो फोटो पुसून टाक."

त्याचं हासणं थांबलं. अंडी गेली थे त्याले ठाऊकच नव्हतं. ऐकून चेहरा उतरला. मंग कावळ्यायले दोष देऊन पाह्यला, पावसाले देऊन पाह्यला. फोटो स्पर्धेत धाडाचा हाये, म्हणे, अजून कॉम्प्युटरवरबी घेतला नाई. शेवटी हळूच बोलला, "असा फोटो जन्मात पुन्हा भेटत नाई, दामिनी."

"त्याले त्याची अंडी कुठी भेटणार हाये?"

बाया वाटेतून हालल्या नाई. त्याचे हात चिखलानं भरलेले, पुसाले कोरडं काई नव्हतं. दामिनीनंच इरल्याखालचा आपला कोरडा पदर पुढं केला. त्यानं हात पुसले, अन तिच्याच इरल्याखाली डोकं घालून कॅमेरा सुरू केला. मीबी वाकून पाह्यलं. नर बसला होता, पंख पसरून, पाठीवर पाण्याचे थेंब फुटून राह्यले होते, अन डोळा सरळ आमच्याकडे. दामिनी ज्या फोटोसाठी रोज दुरूनच परत फिरली, तोच तो. तिनं तो डोळे भरून पाह्यला. मंग प्रवीणनं बटण दाबलं, आपल्या मोबाइलमधलाबी पुसला. तिनं आपल्या मोबाइलमधलाबी काढून टाकला.

खरं सांगू? फोटो लय सुंदर होता. त्याचाच मले जास्त राग येते.