केळीच्या पानावरचा माझा प्रयोग

सायलीचे लग्न मी जवळजवळ मोडले, आणि तेही पूर्ण तयारीनिशी.

सायली, ऋजुता आणि मी चिपळूणच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलो. आता तिघीही अमेरिकेत, पण तीन टोकांना: सायली बेलव्ह्यूमध्ये सॉफ्टवेअर लिहिते, ऋजुता वेस्ट विंडसरला एका औषध कंपनीत आहे आणि मी कॅरीजवळच्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवते. (पेशींचे तापमान सांभाळले की त्या तक्रार करत नाहीत. सगळे जग असेच चालते, असा माझा समज होता.) इतक्या वर्षांनी तिघींनी एकत्र येण्याचे निमित्त आनंदाचे होते, फक्त त्या आनंदाला मंजुरी मिळायची होती. सायलीला गॅब्रिएल नावाच्या फिलिपिनो मुलाशी लग्न करायचे होते. तिची आई, म्हणजे आमच्या शालिनीकाकू, लेकीकडे राहायला आल्या होत्या आणि या विषयावर हो किंवा नाही यांपैकी काहीही बोलत नव्हत्या. गॅब्रिएलच्या मावशीचे बेलव्ह्यूजवळ रेस्टॉरंट आहे. शनिवारी तिथे सगळ्यांनी जेवायचे आणि घरी गेल्यावर काकूंनी चिपळूणला फोन करून काकांना निकाल कळवायचा, असे ठरले.

"मधुरा, तू फ्लाइट बुक करच यार," सायली मला म्हणाली. "तू असलीस की आई जरा शांत असते."

तिला एवढेच म्हणायचे होते. मी मात्र स्वतःची सांस्कृतिक सल्लागार म्हणून नेमणूक करून टाकली.

मी वाचन केले. या जेवणात ताटे नसतात. लांब टेबलावर केळीची पाने अंथरतात, त्यांवर भात, मासे, नूडल्स एका ओळीत मांडतात आणि सगळे हाताने जेवतात. केळीचे पान आणि मासे म्हटल्यावर चिपळूणच्या काकू निम्म्या जिंकल्याच होत्या. उरले दोन धोके. पहिला, काकू जेवणाआधी श्लोक म्हणतात. म्हणून मी गॅब्रिएलला सांगितले की काकू जेवताना प्रार्थना करतात, त्या वेळी सर्वांनी शांत राहावे. दुसरा, यजमानीण वाढत असताना तोंडावर नाही म्हटले तर तिला वाईट वाटते, असे मी कुठेतरी वाचले होते. त्याचा बंदोबस्त मी गाडीत केला.

"काकू, नको असेल तर नाही म्हणू नका. आपण पंगतीत धरतो तसे पानावर दोन्ही हात आडवे धरा. कुणालाही कळतं ते."

"कुणालाही?" ऋजुताने विचारले.

"हावभावांना भाषा लागत नाही," मी म्हणाले. (हे वाक्य ऋजुता आता मला दर वाढदिवसाला न चुकता पाठवते.)

सुरुवात उत्तम झाली. गॅब्रिएलची मावशी, जिला सगळे टीटा म्हणतात, स्वतः वाढत होती. नारळाच्या दुधातली कोलंबी आणि भाजलेला बांगडा पाहून काकूंचा चेहरा खुलला. श्लोक झाला, सगळे शांत राहिले. काकूंनी भात कालवला आणि त्या मन लावून जेवल्या. सायलीने टेबलाखालून माझा हात दाबला.

मग टीटा आणखी भात घेऊन आली. काकूंनी पानावर हात आडवे धरले. टीटा थबकली. तिने भांडे खाली ठेवले, डोळे मिटले आणि मान झुकवली. गॅब्रिएलनेही झुकवली. आपले म्हणणे पोचले असे समजून काकूंनी हात बाजूला घेतले. टीटाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मोठ्या भक्तिभावाने दुप्पट भात वाढला.

"हिला कळलं नाही वाटतं," काकू पुटपुटल्या.

"जरा जास्त वेळ धरा," मी सुचवले. (परिणाम दिसला नाही की मात्रा वाढवायची, ही आमच्या क्षेत्रातली जुनी खोड.)

पुढच्या वेळी काकूंनी हात बराच वेळ धरले. टीटाने खूण करून रेस्टॉरंटमध्ये चाललेली गाणी बंद करवली. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी टोपी काढली. त्या शांततेनंतर काकूंच्या पानावर कोलंबी आली, आणि गॅब्रिएलने अभिमानाने आम्हाला सांगितले की प्रत्येक वाढपाला देवाचे आभार मानणारी बाई टीटाने जन्मात पाहिली नव्हती.

आता मला सगळे कळले. पण टीटाला खरे सांगायचे तर पाहुणी मघापासून नाही म्हणते आहे, हे सांगावे लागणार. म्हणजे जो अपमान टाळण्यासाठी हा खटाटोप, तोच मी स्वतःच्या तोंडाने करायचा. मी गप्प राहिले. काकू पानात टाकणाऱ्यांतल्या नाहीत. त्या निमूट जेवत राहिल्या, आणि जागा रिकामी झाली की टीटा ती भरत राहिली. शेवटी घाम पुसत काकू सायलीकडे वळल्या.

"पाहुण्याचं ऐकून घेत नाहीत ही माणसं. लग्नानंतर तुझं ऐकणारेत का?"

सायलीचा चेहरा उतरला. काहीतरी करणे भाग होते, आणि ते मी केले. जेवण संपल्याची सर्वांत निःसंदिग्ध खूण म्हणजे पान दुमडणे. मी उभी राहिले, समोरची कड पकडली आणि ठामपणे स्वतःकडे ओढली.

ते पान माझे एकटीचे नव्हते. टेबलावरची सगळी पाने काड्यांनी एकमेकांना टाचलेली होती, हे मला त्या क्षणी कळले. भाताचा डोंगर हलला, नूडल्स निघाल्या, बांगडा ऋजुताच्या दिशेने गेला आणि कोलंबीचा रस्सा वाडग्यासकट काकूंच्या नारायणपेठीवर उतरला.

मग टीटा काकूंना हाताला धरून आत घेऊन गेली, मागोमाग सायली. आतून आधी सायलीचे रडवेले बोलणे ऐकू आले. ती सगळा उलगडा करत असावी. त्यानंतर दोन बायकांचे असे हसणे आले की आजोबांनी टोपी परत घातली.

काकू बाहेर आल्या त्या टीटाच्या फुलाफुलांच्या गाऊनमध्ये. गॅब्रिएल गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होता. काकूंच्या चपलाही त्याने पुसून बाजूला ठेवल्या होत्या. काकू क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"कुणी न सांगता हा पुसायला बसला," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघी खांबासारख्या उभ्या. सायली, बाबांना फोन लाव. मुलगा मला पसंत आहे."

डिसेंबरात चिपळूणला लग्न आहे. दोन्ही घरांचे ज्यावर चर्चेविना एकमत झाले, असा पहिला विषय मी होते: पंगत उठेपर्यंत मी कार्यालयाबाहेर थांबून पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायच्या. गाडी कितीही ओढली तरी कुणाच्या मांडीवर येत नाही, असे काकूंचे म्हणणे आहे. मी अद्याप तशी खात्री दिलेली नाही.