पत्ता कोणी फोडला?

चिंचपोकळीचं नाव निघालं की मला आजही ते बहीण-भाऊ आठवतात. मी तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो.

मारकुट्या नवऱ्याला सोडून एक बाई तिथल्या चाळीत एकटी राहत होती. नवऱ्याने तिला शोधून काढलं आणि खोलीत घुसून तिचा हात मोडला. चाळकऱ्यांनी त्याला धरून आमच्या ताब्यात दिलं. फिर्याद देताना ती म्हणाली, “साहेब, माझा पत्ता फक्त भावाला ठाऊक होता. त्यानेच सांगितला.”

परळला राहणाऱ्या भावाला बोलावून घेतलं. “मीच तिला तिथे नेऊन ठेवलं साहेब, मी कशाला सांगू?” एवढंच तो म्हणत राहिला. नवरा मात्र चौकशीत हसत म्हणाला, “मेहुण्यानेच दिला.” बहीण भावाकडे बघायलाही तयार नव्हती.

शेजारच्या काकींचा जबाब मी स्वतः घेतला.

“तिचा नवरा आधी माझ्या दारात आला. तिचं नाव घेऊन म्हणाला, फ्रिज तपासायचाय. मीच तिची खोली दाखवली हो!” काकींना रडू आवरेना.

“पण तुमच्याकडे का आला?”

“ती दिवसभर कामावर. फ्रिज घेतला तेव्हा दुकानात माझ्या खोलीचा नंबर दिलेला.”

भावाला बहिणीचं दार माहीत होतं. काकींच्या खोलीचा नंबर होता तो दुकानाकडे.

दादरच्या त्या दुकानाने गिऱ्हाइकांचे पत्ते दुरुस्ती करणाऱ्या पार्टनर कंपनीला दिले होते. नवऱ्याचे कॉल डिटेल्स काढले, तर त्याचा एक मित्र त्याच कंपनीत तक्रारींचे फोन घेत होता.

“बाईंची काही तक्रार होती?” मी त्याला विचारलं.

“नाही साहेब. त्याने दिलेला तिचा मोबाइल नंबर टाकला, पत्ता आला. आम्हाला सगळ्यांचंच दिसतं. तो म्हणाला, बायको रुसून गेलीय. मला वाटलं, संसार जुळेल.”

दुकानाच्या मॅनेजरने करार पुढे केला. माहिती फक्त दुरुस्तीसाठी वापरायची, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

“ते तसं वागतात का, कधी बघितलंत?”

“पार्टनर आहेत साहेब. विश्वासावर चालतं.”

लोकांची माहिती दुसऱ्याच्या हाती दिली, की ती कोणाला आणि कोणत्या कामापुरती दिसते यावर देणाऱ्याने लक्ष ठेवायलाच हवं; नुसत्या सहीने भागत नाही. आणि ती फुटली की पहिला संशय घरच्या माणसावर जातो, हे मी त्या प्रकरणात पाहिलं.

बाईला सगळं समजावून सांगितलं. प्लॅस्टरमधला हात सांभाळत ती बाहेर भावाजवळ गेली.

“दादा, चुकलं माझं.”

त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. “राहू दे ते. त्या खोलीत आता जायचं नाही. घरी चल.”