देवघरातल्या नाण्याची खाच

मंडळी, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही.

वडिलांना शेत नांगरताना एक जुनं नाणं सापडलं होतं. त्यावर मुकुटवाला चेहरा, म्हणून आईनं ते देवघरात ठेवलं आणि तीस वर्षं रोज आंघोळ घातली. मागच्या आठवड्यात मी त्याचा फोटो आपल्या या जुन्या नाण्यांच्या ग्रुपवर टाकला. आपल्यातल्याच एका जाणकार सरांचा लगेच फोन आला. "रोमन सम्राटाचं ब्राँझचं नाणं दिसतंय. खात्री करायला चार दिवस माझ्याकडे ठेवा."

आज परत आणायला गेलो. "नकली आहे, पूजेतच राहू द्या," म्हणाले.

आईनं ते ताम्हनात ठेवलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबली. "ह्यो आपला देव न्हाई. त्याला फाळाची खाच हुती."

मी मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला. फोटोत खाच आहे, ताम्हनातल्या नाण्याला नाही. सर आता फोन उचलत नाहीत.

आम्ही शिंगणापूरचे. घराला दार नाही, तरी देवघरातून कधी काही गेलं नाही. मीच ते खिशात घालून कुलूपवाल्या घरात नेऊन दिलं.

सर, तुम्हीही हे वाचताय. उद्या सकाळी आईनं आंघोळ कुणाला घालायची?